तिसरीतली मुलं ‘दुसरीच्या लेव्हलची’ निघाली तर काय करायचं?

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका सरकारी प्राथमिक शाळेतल्या तरुण टीचरचा प्रश्न आहे, आधी तो थोडक्यात सांगते. शाळेत चार वर्ग, शिकवायला दोघीच, तिसरीत सहा मुलं. वरून आलेली वीस प्रश्नांची, पर्याय निवडायची टेस्ट घेतली आणि सहापैकी चार मुलं ‘इयत्तेच्या पातळीखाली’ निघाली. शीटवर शाळेच्या नावापुढे ३३ टक्के लागले. मुख्याध्यापिका म्हणतात रोज एक सराव पेपर सोडवून घ्या, एक आई म्हणते मी याला इंग्लिश मीडियमला घालते, आणि टीचरना कळत नाहीये की या टेस्टवर विश्वास किती ठेवायचा आणि उद्या वर्गात जाऊन नेमकं काय करायचं.

मी २३ वर्षं प्राथमिकला शिकवलं, नंतर तालुक्यात साधनव्यक्ती म्हणून, म्हणजे शिक्षकांना मदत करायला, शाळा फिरले, सर्वेक्षणांच्या दिवशी निरीक्षक म्हणून वर्गात बसले आणि प्रश्न तयार करायच्या वर्कशॉपांनाही गेले. तेव्हा उत्तर जरा लांबेल, पण तुमचा प्रश्न दोन ओळीत संपणारा नाहीच.

सगळ्यात आधी तो ३३ चा आकडा डोक्यातून काढून टाका टीचर. सहा मुलं आहेत तुमच्याकडे, म्हणजे एक मूल जवळजवळ १७ टक्के. पास झालेल्या दोघांपैकी एकजण गावच्या जत्रेत रात्रभर जागून आला असता तर शाळा १७ टक्क्यांवर आली असती, आणि खालच्या चौघांतल्या एकाचे दोन अंदाज बरोबर लागले असते तर ५० वर गेली असती. शाळा तीच, टीचर त्याच, मुलं तीच. आपल्या गोव्यातल्या खेड्यांतल्या कितीतरी सरकारी प्राथमिक शाळांचा पट असाच छोटा आहे, आणि अशा शाळांची टक्केवारीची यादी लावली की वर कोण आणि खाली कोण हे बरंचसं योगायोगावर ठरतं. सहा मुलांच्या वर्गाला टक्केवारी लावूच नये, नावं लिहावीत.

दुसरं म्हणजे अंदाजाचं. वीस प्रश्न आणि प्रत्येकाला चार पर्याय असले की ज्याला एक ओळ वाचता येत नाही अशा मुलाने नुसते गोल काळे केले तरी सरासरी पाच बरोबर येतात, नशीब बरं असेल तर सात. म्हणून सात मार्कवाला आणि चार मार्कवाला यांच्यात फरक आहे असं मी तरी छातीठोकपणे सांगणार नाही. तसंच बारा मार्कांची रेघ मारली असेल तर अकरावाला खाली आणि बारावाला वर, पण दुसऱ्या दिवशी तीच टेस्ट घेतली तर दोघांची जागा उलटी होऊ शकते. मोजमापात थोडंफार मागेपुढे होतंच, बाजारातल्या काट्यातही होतं, फक्त काट्यावरून आपण कोणाला ‘मागे पडलेला’ म्हणत नाही.

मग या टेस्ट घेतात तरी कशाला, असं तुम्ही विचाराल. घ्याव्या लागतात, आणि घेतल्या पाहिजेत असंच माझं मत आहे, पण कुठली टेस्ट कशासाठी ते कळलं पाहिजे. एक प्रकार मोठ्या सर्वेक्षणांचा. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण, ज्याला सगळे नॅस म्हणतात, १३ नोव्हेंबर २०१७ ला तिसरी, पाचवी, आठवीला झालं, मग कोविडनंतर १२ नोव्हेंबर २०२१ ला त्यात दहावीही आली आणि देशभरात सुमारे ३४ लाख मुलं बसली. पुढचं ४ डिसेंबर २०२४ ला झालं ते परख राष्ट्रीय सर्वेक्षण या नावाने, ७८१ जिल्हे, ७४ हजारांवर शाळा, २१ लाखांवर मुलं. ही सगळी शितावरून भाताची परीक्षा आहे. हंडीतला भात शिजला का बघायला आपण चार शितं काढून दाबतो, आणि चारांवरून सगळ्या हंडीचं कळतं, पण त्या एका शिताविषयी कोणी काही सांगत नाही. म्हणून तर तिथे जिल्ह्याचा रिपोर्ट येतो, अमक्या मुलाचा येत नाही. सगळ्या मुलांना सगळे प्रश्न मिळतात असंही नाही, वेगवेगळे प्रश्नसंच वाटलेले असतात, कारण मोजायचं असतं जिल्ह्याला, शेजारशेजारच्या दोन मुलांना नाही.

त्यातून निघालेलं चित्र मात्र गांभीर्याने घ्यायला हवं. २०२४ च्या त्या सर्वेक्षणात देशभरात तिसरीचं गणिताचं सरासरी बरोबर उत्तरांचं प्रमाण ६० टक्के, सहावीचं ४६, नववीचं ३७. तिसरीतल्या साधारण ५५ टक्के मुलांनाच ९९ पर्यंतचे आकडे चढत्या-उतरत्या क्रमाने लावता आले. हे मी अशासाठी सांगते की तुमची चार मुलं काही जगावेगळी नाहीत, आणि त्यात तुमचा एकटीचा दोष तर मुळीच नाही. पण जे तिसरीत अडकलं ते कोणी सोडवलं नाही तर पुढे सुटत नाही, उलट गुंता वाढत जातो, हे ६०, ४६, ३७ या उतरत्या आकड्यांत मला तरी स्पष्ट दिसतं, वर्ग वेगळे आणि मुलं वेगळी असली तरी.

आणखी एक, कोणी तुम्हाला २०२१ चे आणि २०२४ चे आकडे शेजारी ठेवून ‘इतके वाढले, इतके घसरले’ असं मीटिंगमध्ये दाखवलं तर जरा थांबा. २०२१ ला ५०० पैकी स्केल होतं आणि पाचवी-आठवी होती, २०२४ ला टक्के आहेत आणि सहावी-नववी आहे, तीसुद्धा आधीचा टप्पा पार पडला का हे बघायला, म्हणजे सहावीतल्या मुलाला पाचवीपर्यंत जे यायला हवं तेच विचारलं होतं.

आता ‘इयत्तेची पातळी’ हा शब्द. ही पातळी आकाशातून पडलेली नाही, माणसांनी बसून ठरवलेली आहे. एनसीईआरटीने २०१७ ला अध्ययन निष्पत्ती काढल्या, कुठल्या इयत्तेअखेर काय यावं याची यादी. मग जुलै २०२१ ला निपुण भारत हे केंद्राचं पायाभूत वाचन-गणिताचं अभियान आलं, त्यात दुसरीअखेर मिनिटाला ४५ ते ६० शब्द वाचणं आणि ९९९ पर्यंतच्या संख्या, तिसरीअखेर किमान ६० शब्द, समजून, आणि ९९९९ पर्यंतच्या संख्या. ही उद्दिष्टं चांगली आहेत, मला मान्य आहेत, पण ती वर्षअखेरची आहेत. तुमची टेस्ट वर्षाच्या मध्यावर झाली असेल तर तिसरीअखेरच्या पट्टीने मोजून ‘खाली’ म्हणणं म्हणजे गणपतीच्या सुमारास शेतात जाऊन भात कापायला का झालं नाही विचारण्यासारखं आहे.

आणि ‘हा दुसरीच्या लेव्हलचा’ याचा अर्थ तो दुसरीतल्या मुलासारखा आहे असा होत नाही. तिसरीच्या पेपरात त्याला कमी मार्क पडले एवढंच आपल्याला कळलंय, त्याला दुसरीचं सगळं येतं की नाही हे कोणी विचारलेलंच नाही. असंही होतं की त्याला तिसरीची भूमिती छान येते आणि वजाबाकी पहिलीपासूनच डळमळीत आहे. १९०५ ला पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि सिमों यांनी मुलांसाठी पहिली पायऱ्यापायऱ्यांची चाचणी तयार केली, त्याचं कारण मुळात हेच होतं की वर्गात कोणाला जास्त मदत लागेल ते ओळखता यावं. शिक्का मारायचा म्हणून ती सुरू झालेली नव्हती.

तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येते, उद्या काय करायचं. तुम्ही मार्क बघितले, आता चुकलेली उत्तरं बघा. माझ्या सगळ्या वर्षांत मला टेस्टचा खरा उपयोग झाला तो एवढ्यातच.

चांगल्या प्रश्नात चुकीचे पर्याय उगाच टाकलेले नसतात. ५२ वजा ३८ असा प्रश्न घ्या, पर्याय १४, २४, २६ आणि ९०. बरोबर १४. ज्याने ९० निवडलं त्याने बेरीज केली, म्हणजे चिन्ह बघितलं नाही, त्याला वजाबाकी येतही असेल. ज्याने २४ निवडलं त्याने हातचा घेतला, बारातून आठ गेले चार राहिले, पण दशकातला एक कमी करायचा विसरला, तो जवळ आलाय, त्याला दोन दिवस पुरतील. आणि २६ वाला, त्याने खालचं वरचं बघितलंच नाही, मोठ्यातून लहान काढलं, आठातून दोन सहा, पाचातून तीन दोन. त्याच्यासाठी ५२ ही एक संख्या नाही, पाच आणि दोन अशी शेजारी बसवलेली दोन चिन्हं आहेत. तिघांनाही शून्य मार्क, तिघांनाही ‘पातळीखाली’, आणि तिघांना शिकवायचं वेगवेगळं. सराव पेपरांनी यातलं काही होत नाही, २६ वाला पुढच्या पेपरातही २६ च काढणार, फक्त जास्त वेगाने.

असाच २६ वाला एक मुलगा मला कायम आठवतो, वाळपईच्या आतल्या बाजूच्या एका वाड्यावरचा. मी त्याला व्हरांड्यात शेजारी बसवला आणि म्हटलं, पेपर राहू दे, आईने तुला ५२ रुपये देऊन पोदेराकडे, म्हणजे पाववाल्याकडे, पाठवलं आणि ३८ रुपयांचे पाव घेतले, किती परत आणशील? त्याने वर कौलांकडे बघितलं आणि म्हणाला, ‘अडतीसांक दोन घाले काय चाळीस, मागीर बारा, चवदा.’ म्हणजे अडतीसात दोन घातले की चाळीस, मग बावन्नपर्यंत बारा, एकूण चौदा. दहा सेकंदसुद्धा लागली नाहीत. म्हणजे त्याला वजाबाकी येत होती, कागदावर मांडलेली येत नव्हती, त्याची वजाबाकी पुढे मोजत जायची होती आणि शाळेची उभी मांडून करायची. या दोघींची गाठ कोणी घालून दिली नव्हती. मग आम्ही माडाच्या हिराच्या काड्या घेतल्या, दहा-दहाचे जुडगे बांधले, पाच जुडगे आणि दोन सुट्या, आणि म्हटलं यातल्या अडतीस मला दे. तीन जुडगे त्याने दिले. आठ सुट्या द्यायच्या तर दोनच होत्या. थोडा वेळ तो हातातल्या जुडग्याकडे बघत राहिला आणि मग त्याने आपण होऊन दोरा सोडला. हातचा घेणं म्हणजे काय ते त्या दिवशी त्याला कळलं. चार दिवस काड्यांनी, मग काड्या आणि पाटी दोन्ही, मग नुसती पाटी. टेस्ट त्याला ‘पातळीखाली’ म्हणत होती आणि टेस्ट खोटी बोलत नव्हती, पण त्याच्याजवळ काय आहे हे तिने विचारलंच नव्हतं.

आता भाषेचं बोलते, कारण आपल्याकडे हा भाग सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे आणि मला याची मनापासून कळकळ आहे. आपल्या मराठी शाळांत येणारी पुष्कळ मुलं घरी कोकणी बोलतात, काही गावची आपली बोली बोलतात, आता कन्नड बोलणारीही बरीच आहेत. पेपर प्रमाण मराठीत असतो, आणि तो मराठी म्हणजे बऱ्याचदा दुसऱ्या भाषेतून आणलेला मराठी असतो. एकदा चित्राचा प्रश्न होता, ‘चित्रात कोण पळत आहे?’ चित्रात एक मुलगा धावतोय आणि एक मुलगी खिडकीतून बाहेर बघतेय. माझ्यासमोरच्या तीन मुलांनी मुलीवर खूण केली. कोकणीत ‘पळय’ म्हणजे बघ, आणि धावतो त्याला म्हणतात ‘धांवता’. त्या मुलांनी आपल्या भाषेप्रमाणे अगदी बरोबर उत्तर दिलं होतं आणि शीटवर त्यांना वाचन येत नाही असं लागलं. दुसऱ्या एका उताऱ्यात वाक्य होतं, आजोबा त्या रात्री नुसतं पाणी पिऊन झोपले. प्रश्न, आजोबांनी काय घेतलं? एकीने लिहिलं मासे आणि पाणी. नुस्तें म्हणजे मासे, तिच्या घरी रोज ऐकायला मिळणारा शब्द. तिने वाक्य वाचलं होतं, शब्द ओळखला होता, अर्थ लावला होता, वाचनात जे जे करायचं ते सगळं तिने केलं होतं.

म्हणून तुमच्या सहाही मुलांनी जर एखाद्या प्रश्नाला तोच चुकीचा पर्याय निवडला असेल, तर आधी संशय प्रश्नावर घ्या, मुलांवर नंतर. प्रश्न बनवणारे लोक यासाठीच आधी थोड्या मुलांवर प्रश्न चालवून बघतात, कुठला प्रश्न हुशार मुलंही चुकतात, कुठला एकाच भागातली मुलं चुकतात, आणि असे प्रश्न काढून टाकतात. पण ते चालवून बघणं सत्तरी-सांग्यातल्या मुलांवर झालेलं असेलच असं नाही. असे प्रश्न वहीत लिहून ठेवा आणि मीटिंगला लेखी द्या. आम्ही दिले होते, त्यातले काही पुढच्या वेळी बदललेही.

संख्यांचीही हीच गत आहे. ‘अडतीस’ ऐकलं की आठ आधी कानावर पडतो, तीस मागून येतो, आणि मूल ८३ लिहितं. २०१९ ला महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘तीस आठ’ अशा पद्धतीने संख्या वाचायला घेतल्या तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, पण अडचण खरी होती हे वर्गात उभं राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. ऐकून लिहायच्या प्रश्नात ८३ आलं तर लगेच ‘संख्याज्ञान नाही’ असं मांडू नका, त्यालाच आकडा लिहून दाखवा आणि तेवढ्या काड्या उचलायला सांगा.

तर आता करायचं असं. प्रत्येक मुलाबरोबर दहा मिनिटं एकटं बसा. सहा मुलं म्हणजे एक तास, तोही एका दिवशी नको, रोज दोन, माध्यान्ह आहाराची पावभाजी खाऊन झाली की दुसऱ्या टीचरना चारही वर्ग गोष्टीला बसवायला सांगा आणि तुम्ही व्हरांड्यात बसा. धो धो पाऊस असेल तर नको, पत्र्यावर पाऊस वाजत असताना वाचन ऐकूच येत नाही आणि मूलही ओरडून वाचतं, मग त्याचं लक्ष अर्थावर राहत नाही. प्रथम संस्थेच्या असर सर्वेक्षणात २००५ पासून वापरतात तसा साधा कागद पुरतो, काही अक्षरं, काही सोपे शब्द, चार ओळींचा परिच्छेद, मग दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. ते लोक मुलांच्या घरी जाऊन एकेकाला वाचायला देतात, म्हणून तिथे अंदाज लावायला जागाच नसते. परिच्छेदापासून सुरू करा, जमलं तर गोष्टीवर जा, अडला तर शब्दांवर या, मग अक्षरांवर. असरच्या २०२४ च्या आकड्यांत देशातल्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांमधल्या तिसरीच्या मुलांपैकी २३.४ टक्के मुलांना दुसरीची गोष्ट वाचता आली, त्यामुळे कोणी शब्दांवरच थांबलं तर दचकू नका.

उतारा तुम्ही स्वतः लिहा, मुलांच्या ओळखीचा, काजूची बोंडं वेचायला गेलेली आजी किंवा चवथीला गणपतीच्या वर माटोळीला बांधायची फळं. सगळ्यांना तोच, आणि सगळ्यांना सारखीच सूचना, एकाला ‘घाबरू नको’ आणि दुसऱ्याला ‘लवकर’ असं नको. मधे मदत करू नका, हे आपल्याला फार जड जातं, तोंडातून शब्द निसटतोच. मूल जे म्हणेल ते तसंच्या तसं लिहा, बरोबर-चूक नंतर ठरवा. वाचून झालं की तीन प्रश्न विचारा, दोन उताऱ्यात सरळ दिलेल्याचे आणि एक ‘असं का केलं असेल’ असा. उत्तर कोकणीत दिलं तर चालेल, चालेल म्हणजे पूर्ण मार्क, कारण तुम्ही समज बघताय.

वेळ मोजायचा की नाही? मोजा, पण एकट्या वेळेवर जाऊ नका. याबाबतीत माझ्या हातून झालेली चूक सांगते. एका मुलीचं वाचन मी मोजलं, मिनिटाला ३१ शब्द आले, रजिस्टरमध्ये मी ‘दुसरीच्या पातळीखाली’ असं लिहिलं आणि पुढच्या मुलाला हाक मारली. प्रश्न विचारलेच नाहीत, त्या दिवशी अजून दोन शाळा करायच्या होत्या. त्या मुलीला बोलताना अडखळायची सवय होती, घाबरली की जास्तच. पुढच्या वर्षी तिच्या नव्या टीचरने सांगितलं की ती मनातल्या मनात वाचते, लायब्ररीच्या पेटीतली पुस्तकं संपवलीत, विचाराल ते सांगते. पण रजिस्टरमध्ये माझ्या अक्षरात ते लिहिलेलं होतं आणि त्यावरून तिला वर्षभर अक्षरओळखीच्या गटात बसवलेलं होतं. एक वर्ष. ते मी तिला परत देऊ शकत नाही. तेव्हापासून मी शब्दांची संख्या पेन्सिलने लिहायला लागले आणि समजलेलं पेनाने.

तसे हे मिनिटाचे शब्द भाषेप्रमाणेही बदलतात. मार्च २०२२ ला तिसरीच्या मुलांचा जो मूलभूत अध्ययन अभ्यास झाला, सुमारे ८६ हजार मुलं, २० भाषा, एकेका मुलाला समोर बसवून, त्यात प्रत्येक भाषेसाठी वाचनाच्या वेगाच्या पट्ट्या वेगळ्या ठरवल्या, कारण ज्या भाषेत शब्द लांब आणि जोडाक्षरं जास्त तिथे साठ शब्द म्हणजे वेगळंच काम. तुमच्या वर्गात कन्नड घरातलं मूल मराठीत वाचत असेल तर ही गोष्ट लक्षात असू द्या.

मुख्याध्यापिकांच्या सराव पेपरांबद्दल. त्यांच्यावर वरून प्रेशर असतं, मी समजू शकते, त्यांच्याशी वाद घालू नका. गोल कसा भरायचा, पर्याय सगळे वाचून मगच खूण करायची, एवढं मुलांना माहीत हवं, त्याला दोन तास पुरतात आणि ते द्यावेतही, नाहीतर पेपरची पद्धत माहीत नाही म्हणून मूल चुकतं. पण मी एका शाळेत महिनाभर रोज हेच चालू असलेलं बघितलंय. रिझल्ट वाढला, पेढे वाटले. पंधरा दिवसांनी मी त्याच मुलांना तेच प्रश्न पर्याय न देता फळ्यावर घातले आणि अर्धी मुलं माझ्याकडे बघत राहिली, एकाने विचारलं, टीचर, ए बी सी डी खंय, म्हणजे कुठे आहेत? आकड्यावर सगळं ठरायला लागलं की माणसं आकडाच वाढवायला लागतात, डोनाल्ड कॅम्पबेल नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९७० च्या दशकातच हे मांडून ठेवलंय. मुख्याध्यापिकांना असं सांगून बघा की सराव पेपर आठवड्याला एकच घेऊ, पण त्यातल्या चुका मी वहीत मांडून तुम्हाला दाखवते. बहुतेकींना ते पटतं, कारण मीटिंगला दाखवायला कागद मिळतो.

दहा मिनिटांच्या त्या बसण्यातून तुमच्याकडे गट तयार होतील आणि ते इयत्तेप्रमाणे नसतील. दुसरीतली एखादी तिसरीतल्या दोघांबरोबर येईल, चौथीतला एक खाली येईल. चार वर्ग आणि दोन शिक्षिका ही एरवी अडचण, पण इथे ती सोय आहे, मोठ्या शाळेत वर्ग मोडायला परवानग्या लागतात, तुमच्याकडे सगळी एका खोलीतच आहेत. रोज एक तास पातळीप्रमाणे, बाकी दिवस इयत्तेप्रमाणे. पण चौथीतल्या त्याला लहानांत बसवताना काहीतरी जबाबदारी द्या, काड्या वाटायची, फळा पुसायची, मुलांना कमीपणा फार चटकन कळतो. आणि गट महिन्याभराने पुन्हा बघा, एकदा बसवलं म्हणून तिथेच ठेवू नका.

त्या आईचं सांगायचं राहिलं. तिला शीट दाखवू नका, मुलाची वही दाखवा. ‘तुमचा मुलगा दुसरीच्या लेव्हलचा’ हे वाक्य घरी गेलं की त्याचं जेवण बंद होतं, मार बसतो किंवा शाळा बदलते. त्याऐवजी सांगा की त्याला हे हे येतं, हातच्याच्या वजाबाकीत अडकलाय, आणि दिवाळीपर्यंत मी त्याच्यावर काम करतेय. इंग्लिश मीडियमबद्दल तिला नावं ठेवू नका, प्रत्येक आई मुलाचं बरंच बघते. पण एवढं जरूर सांगा की जी भाषा तो समजतो तिच्यात त्याचं वाचन अजून बसायचंय, ते अर्ध्यावर सोडून न कळणाऱ्या भाषेत पुन्हा अक्षरापासून सुरुवात केली तर दोन्हीकडे अडकण्याची भीती आहे, आधी वाचन पक्कं होऊ दे, मग हवं तर बोलू. नापास होईल का असंही ती विचारेल. तिसरीला ते नाही. शिक्षण हक्क कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने राज्यांना जी मुभा दिली ती पाचवी आणि आठवीच्या वार्षिक परीक्षेपुरती, तीही निकालानंतर दोन महिन्यांत फेरपरीक्षेची संधी देऊन. ही टेस्ट ती परीक्षा नव्हे.

सोमवारी सुरुवात करताना आधी वर आलेल्या दोघांबरोबर बसा, चौघांबरोबर नंतर. एक तर त्यामुळे ‘ढ मुलांना बोलावलंय’ असं होत नाही, आणि दुसरं, त्या दोघांतला एखादा अंदाजाने वर आलेला असू शकतो, त्याच्याकडे वर्षभर कोणी बघणार नाही. मग २६ वाले कोण आहेत ते शोधा, पेपरांचा गठ्ठा तुमच्याकडेच असेल. काड्या माडाच्याच घ्या, झाडूतल्या चालतात, पण जुडग्यांना रबर लावू नका, दोरा बांधा, म्हणजे तो सोडावा लागतो. सहाही मुलांचं झालं की कोण काय म्हणालं ते मला लिहून कळवा, मार्क नकोत, मुलं जे बोलली तेच शब्द, कोकणीत असतील तर कोकणीत.